घरचीच म्हणून रजा नाही

२०२५ च्या जुलैमधली गोष्ट. बाहेर पाऊस असा कोसळत होता की जेवणाच्या सुट्टीत कुणीच खाली उतरले नाही. डबे उघडून सगळे एका टेबलाभोवती बसलो होतो. आमच्या एका सहकाऱ्याचा चेहरा मात्र उतरलेला होता. त्याची मुलगी जर्मन शिकून जर्मनीला ‘ओ-पेर’ म्हणून गेली आहे. म्हणजे तिथल्या एका कुटुंबात राहायचे, त्यांची मुले सांभाळायची, थोडेफार घरकाम करायचे. बदल्यात राहणे-जेवण, हातखर्चाला पैसे आणि भाषेचा सराव. त्या घरातली आई इस्पितळात नर्स आहे. तिच्या पाळ्या बदलत राहतात. आणि पाळी बदलली की ती या मुलीला आयत्या वेळी सांगते, आज रात्री दहापर्यंत मुलाकडे बघ, रविवारी मला ड्युटी आहे, तुझी सुट्टी पुढे कधीतरी घे.

‘‘करारात आठवड्याचे तीस तास लिहिलेत. तीस म्हणजे तीस!’’ सहकारी चिडून म्हणाला. ‘‘माझी मुलगी काय त्यांच्या घरची मोलकरीण आहे?’’

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. सर्वांत मोठ्याने मी बोललो. कारण मी सरकारी कारकून, आणि गेली कित्येक वर्षे माझ्या टेबलावर रजेच्या नोंदी असतात. रजा हा माझा प्रांत! संध्याकाळी घरी जाऊन मी जर्मनीचे नियमही शोधून काढले. ओ-पेरला दिवसाला सहा आणि आठवड्याला तीस तासांपेक्षा जास्त काम सांगता येत नाही. आठवड्यात दीड दिवस मोकळा, चार संध्याकाळी मोकळ्या, वर्षाला चार आठवडे रजा, तीही हातखर्च न कापता. शब्दाचा अर्थही वाचला. मूळ फ्रेंच शब्द, अर्थ ‘बरोबरीने’. घरात राहायचे ते बरोबरीच्या नात्याने. युरोपात २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबूर्गला याविषयी देशादेशांमधला एक करार तयार झाला. त्यात तर दिवसाला साधारण पाच तासच धरले आहेत. शिवाय आठवड्यात एक अख्खा दिवस सुट्टी आणि महिन्यातून निदान एकदा ती सुट्टी रविवारी. दुसऱ्या दिवशी हे सगळे मी टेबलावर वाचून दाखवले. सहकाऱ्याने ते मुलीला कळवले, तिने त्या बाईंशी बोलून तास ठरवून घेतले, प्रकरण मिटले. आम्हाला केवढे समाधान!

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी ग्वाल्हेरला गेलो.

माझी धाकटी बहीण ग्वाल्हेरला दिलेली आहे. सासर लष्करमध्ये. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला, तो तळ पुढे उठलाच नाही, त्याचे शहर झाले. नाव राहिले लष्कर. शिंद्यांबरोबर आलेली मराठी घराणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. मराठी बोलताना मध्येच हिंदीत शिरतात, पण गणपती, सत्यनारायण, पुरणपोळी सगळे जागच्या जागी. बहीण इथे गोव्यात नर्सिंग शिकली आणि तिथल्या एका मोठ्या इस्पितळात स्टाफ नर्स आहे. मेहुणे मालनपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, सकाळी सातला जातात, संध्याकाळी सातला येतात. सासूबाई, ज्यांना मीही माई म्हणतो, गुडघ्यांनी अधू. भाचा तीन वर्षांचा. आणि त्या घरात आणखी एक मुलगी राहते. शिवपुरीकडच्या खेड्यातली, वय एकोणीस, येऊन दोन वर्षे झाली. तिचे नाव इथे लिहीत नाही. ती बहिणीला दीदी म्हणते, माईंना आजी, आणि भाचा मला मामा म्हणतो म्हणून मी तिचाही मामाजी.

९ ऑगस्टला, शनिवारी, रक्षाबंधन होते. आपल्याकडची सुतांपुनव. कित्येक वर्षांनी बहिणीच्या हातची राखी बांधून घ्यायची म्हणून मी अर्जित रजा टाकली आणि गोवा एक्स्प्रेसने दीड दिवस प्रवास करून आधीच्या रविवारी रात्री तिथे उतरलो.

फ्रिजवर बहिणीच्या ड्युटीचा कागद लावलेला होता. सोमवार-मंगळवार सकाळपाळी, आठ ते दोन. बुधवार-गुरुवार दुपारपाळी, दोन ते आठ. शुक्रवार-शनिवार सुट्टी. त्या सुट्टीच्या भरवशावर मुलीला चार दिवस गावी पाठवायचे ठरले होते. राखीला घरी, दुसऱ्या दिवशी भुजरिया. हा त्या भागातला सण. द्रोणात गव्हाचे अंकुर उगवतात आणि राखीच्या दुसऱ्या दिवशी ते एकमेकांना देऊन गाव भेटतो. मंगळवारी रात्री वॉर्डमधून फोन आला. एक नर्स आजारी पडली होती. कागदावरचे शुक्रवार-शनिवार खोडून तिथे रात्रपाळी लिहिली गेली, रात्री आठ ते सकाळी आठ, आणि सुट्टी गेली रविवारवर. त्याच वेळी, काहीही न लिहिता, मुलीचे चार दिवसही खोडले गेले. बहीण तिला एवढेच म्हणाली, ‘‘अब कैसे जाएगी? मामाजी भी आए हैं।’’ ती ‘हाँ दीदी’ म्हणून आत गेली.

कारकुनाची सवय वाईट. बहिणीच्या तासांची बेरीज केली, अठ्ठेचाळीस झाले. मग डायरीच्या मागच्या पानावर मी त्या मुलीचेही तास मांडायला लागलो.

सकाळपाळीला बहीण सव्वासातला निघते, म्हणून मुलगी साडेपाचला उठते. चहा, डबे, मुलाचे दूध. बहीण तीनला परत येते, पण पाय सुजलेले असतात, ती आडवी होते. मूल मुलीकडेच. दुपारपाळीला सकाळभर मूल आईकडे असते, तेव्हा मुलगी कपडे, भांडी आणि माईंच्या गुडघ्यांना तेल. रात्री बहीण येऊन जेवते, मागचे आवरता आवरता दहा. मग ती स्वतः जेवते. रात्रपाळीला मूल तिच्याजवळच झोपते. रात्री दोनदा उठते. मेहुणे शेजारच्या खोलीत असतात. बाप घरात आहे, तरी उठते ती! ही झोपमोड मी हिशेबात धरली नाही. जेवण्याचा आणि दुपारी पाठ टेकण्याचा वेळही वगळला. तरी सोमवार-मंगळवार तेरा-तेरा, बुधवार-गुरुवार चौदा-चौदा, शुक्रवार-शनिवार पंधरा-पंधरा, आणि रविवारी, ज्या दिवशी घरात सगळ्यांना सुट्टी होती, दहा. एकूण चौऱ्याण्णव तास.

मी तीनदा बेरीज केली. जर्मनीतल्या मुलीचे तीस, हिचे चौऱ्याण्णव. तिथेही आई नर्स, इथेही आई नर्स. तिथेही मूल, इथेही मूल.

शनिवारी सकाळी बहीण रात्रपाळी करून आली, तशीच न्हाऊन मला ओवाळायला बसली. डोळे लाल झाले होते. तबक त्या मुलीने तयार करून ठेवले होते, कुंकू, अक्षता, निरांजन, मिठाई, सगळे नीट मांडून. संध्याकाळी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तेव्हा चहाच्या डब्यामागे एक राखी दिसली, पाकिटातच. महाराज बाड्यावरून तिने घेतलेली. मी विचारले. भाऊ अकरा वर्षांचा आहे म्हणाली. ‘‘पिछले साल भी दीदी की ड्यूटी थी। कोई बात नहीं मामाजी, अगले साल।’’ आणि भाकरीसाठी परात घेतली.

दोन हजार किलोमीटरच्या आसपासचा पल्ला ओलांडून मी राखी बांधून घेतली. तिचा भाऊ बसने तीन-चार तासांवर. माझ्या पाहुणचारात तिची रजा गेली. त्या दिवशीचा स्वयंपाक मी जेवलो, आणि चांगला झाला होता असेही म्हणालो. म्हणून हा लेख लिहिताना मी बाजूला उभा राहून दुसऱ्यांना बोल लावतो आहे असे कुणी समजू नये.

रविवारी संध्याकाळी मी विषय काढला. मेहुणे भला माणूस. म्हणाले, ‘‘अहो दादा, ती घरचीच आहे. तिला आम्ही नोकर समजतच नाही.’’ माई म्हणाल्या, ‘‘तिला काय कमी आहे इथे? जे आपण खातो तेच ती खाते. मोबाइलसुद्धा दिला.’’ कुणी खोटे बोलत नव्हते. आणि नेमके तेच मला खटकते. वाईट माणसांविषयी लिहिणे सोपे असते. इथे सगळी चांगली माणसे आहेत आणि ‘घरचीच’ हा चांगला शब्द आहे. त्या शब्दाच्या आडोशाने आठवड्याचे चौऱ्याण्णव तास उभे आहेत.

आपण गोवेकरांनी तरी या शब्दाला भुलू नये. आपल्याकडे ‘पोसकें’ ही काय भानगड होती ते जुन्या माणसांना विचारा. गरिबाचे किंवा अनाथ मूल मोठ्या घरात वाढायला ठेवायचे. ते घरचेच म्हणायचे. जेवण, कपडे, देवाधर्माचे संस्कार सगळे मिळायचे. पण पहाटे उठून विहिरीवर जायचे ते त्यानेच आणि इस्टेटीच्या वाटणीत त्याचे नाव नसायचे. मुंडकाराचेही तसेच. भाटकाराच्या जमिनीत खोप, त्यामुळे भाटकाराच्या घरी लग्न असो की मयत, हाक आली की जायचे. माया नव्हती असे नाही. पण १९७५ चा मुंडकार कायदा आला तेव्हा कुठे त्या मायेखालची जमीन मुंडकाराच्या पायाखाली थोडी घट्ट झाली. माया आणि हक्क एकमेकांचे वैरी नाहीत हे आपण तेव्हा शिकलो होतो. आता फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर विसरलो.

खरोखर घरची असती तर काय झाले असते? ती बहिणीची नणंद असती तर राखीला तिला अडवण्याची कुणाची छाती नव्हती. भाची असती तर तिच्या परीक्षेच्या तारखा फ्रिजवर लागल्या असत्या. घरच्या माणसाला ‘आज माझ्याच्याने होत नाही’ म्हणता येते. ‘घरचीच’ असलेल्या मुलीला ते म्हणता येत नाही. काम आले की ती घरची, आणि वाटा, रजा, विश्रांती आली की परकी.

आणखी एक आठवण सांगतो, माझ्याच अंगणातली. डिसेंबर २०२४ मध्ये ही सगळी मंडळी गोव्याला आमच्याकडे आली होती. मुलगीही आली. मिरामारच्या किनाऱ्यावर मीच फोटो काढले. ग्वाल्हेरहून परतल्यावर ते पुन्हा पाहिले. ती एकूण सात फोटोंत आहे, सातही फोटोंत भाचा तिच्या कडेवर. बहीण तेव्हा म्हणाली होती, ‘‘तिचीही ट्रिप झाली की!’’ आणि मी मान डोलावली होती. परत गेल्यावर त्या आठ दिवसांची ‘सुट्टी झाली’ म्हणून तिचे संक्रांतीचे गावी जाणे रद्द झाले. मला कुणी साहेबांच्या सहलीत सामान वाहायला नेले आणि नंतर माझ्या अर्जित रजेतून आठ दिवस वजा केले, तर मी काय करीन? युनियनसकट दारात बसेन.

आता बहिणीची बाजू. ती त्या संध्याकाळी बराच वेळ गप्प होती, मग एकदम तुटून पडली. ‘‘दादा, तुझ्या ऑफिसात तू रजा टाकलीस तर फाइल दोन दिवस थांबते. माझ्या वॉर्डात एक नर्स आली नाही तर सलाइन थांबतं. मला रात्री नऊला फोन येतो, उद्याची पाळी बदलली म्हणून. मी कुणाला सांगू, माझं मूल आहे? मला रजा मिळत नाही, तर मी तिला कुठून देऊ?’’

हे खोटे नाही. नर्सच्या पाळीचा कागद आधी मिळावा, म्हणजे तिला स्वतःचे घर आणि आयुष्य त्याप्रमाणे लावता येईल, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७७ मध्येच केली आहे. पाळणाघरांचे काय? प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. सरकारच्या २०१७ च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत पाळणाघर महिन्याला २६ दिवस आणि दिवसाला साडेसात तास चालवायचे होते. साडेसात तास! ज्याने हे ठरवले तो माझ्यासारखा दिवसा काम करणारा कारकून असणार. रात्री बारा वाजता उघडे असलेले पाळणाघर मी ग्वाल्हेरला पाहिले नाही, गोव्यातही नाही. वेर्ण्याचे कारखाने, दाबोळी आणि मोपाचे विमानतळ, हॉटेले, पणजीचे कॅसिनो, इस्पितळे, सगळे रात्रभर चालू. तिथल्या आयांची मुले रात्री कुणाजवळ असतात, हे कुठल्या फॉर्मवर विचारले जाते?

म्हणजे इस्पितळाची कमतरता बहिणीच्या रजेतून भरून निघते आणि बहिणीची कमतरता त्या मुलीच्या रजेतून. वरून खाली ढकलत ढकलत ओझे अशा ठिकाणी येते, जिथून ते पुढे ढकलायला कुणी उरत नाही. बहिणीचे हाल मला मान्य आहेत. पण तिने ते जिच्यावर ढकलले तिच्याकडे फ्रिजवर लावायला कागदसुद्धा नाही.

माई सांगतात, बिर्लानगरची जियाजीराव कॉटन मिल चालू होती तेव्हा तिचा भोंगा ऐकून लोक घड्याळे लावत. मिल १९९० च्या दशकात बंद पडली. भोंगा कामावर बोलवायचा तसाच कामावरून सोडायचाही. घरात भोंगा नसतो. गिरणी कामगारालाही सुट्टी आपोआप मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी वर्षानुवर्षे सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. मालक तेव्हाही म्हणत असतील, आम्ही यांचे मायबाप आहोत. मग १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली, आणि पगारवाढीबरोबर त्यांनी पगारी सुट्टीही मागितली. गिरणीवाल्यांनंतर नव्वद वर्षांनी! महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, पण त्याचा भर मदतीवर आहे, कामाच्या तासांवर नाही. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. त्यात आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती सांगितली आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितले की घरकामगारांसाठी कायद्याची चौकट हवी का, हे पाहायला समिती नेमा. पुण्याच्या बाया निदान एकमेकींना भेटत होत्या, रस्त्यावर आल्या होत्या. मालकाच्याच घरात झोपणारी मुलगी संप करून जाईल कुठे?

परत आल्यावर हे सगळे मी जेवणाच्या टेबलावर सांगितले. तोच सहकारी, ज्याची मुलगी जर्मनीत आहे, म्हणाला, ‘‘अरे, पण ते वेगळं आणि हे वेगळं.’’ काय वेगळे, ते त्याला सांगता येईना. मला त्याचे जुलैमधले वाक्य आठवले. ‘माझी मुलगी काय मोलकरीण आहे?’ म्हणजे तास मोजायचे ते मोलकरीण नसलेल्यांचे. मोलकरणीचे तास मोजण्याची गरजच नाही, हे आपण सगळ्यांनी त्या दिवशी पोळीभाजी खाता खाता मान्य केले होते.

तर मंडळी, सरकारी माणूस आहे, टिपण लिहिल्याशिवाय राहवत नाही. कायदा यायचा तेव्हा येवो. ज्यांच्या घरात पाळीची नोकरी आहे आणि मूल सांभाळायला कुणी राहते, त्यांनी एवढे करावे.

एक. फ्रिजवरच्या कागदावर दोन रकाने करा. एकात आईची पाळी, दुसऱ्यात तिची. तिचाही दिवस सुरू किती वाजता आणि संपतो किती वाजता, ते लिहा. लिहिताना हात थांबला, तर तो का थांबला याचा विचार करा.

दोन. आठवड्यातला तिचा एक दिवस ठरलेला असू द्या. आईची पाळी बदलली तरी तो बदलायचा नाही. बदलावाच लागला तर तिला विचारून, आणि त्याच आठवड्यात दुसरा दिवस देऊन.

तीन. रात्र आईबापांची. आई रात्रपाळीला असेल तर मूल बापाजवळ झोपेल. तिला मुलाजवळ झोपवायचे असेल तर ते काम आहे, तासांत धरा.

चार. वर्षाची रजा जानेवारीतच लिहा, आणि सणांची निवड आधी तिला करू द्या. आपल्या सहलीत तिला नेले तर ती तिची रजा नव्हे. आपण तिला न नेता गेलो तर तेही दिवस तिच्या रजेतून कापायचे नाहीत.

पाच. आयत्या वेळी पाळी बदलल्याचा फोन आला तर तो आधी बापासाठी आहे असे समजा. रजा आधी त्याने टाकायची. पाहुणे असतील तर पाहुण्याने भांडी घासायची. मी घासली नाहीत, ते चुकले.

तुम्ही म्हणाल, एवढे करायचे तर आणखी एक बाई ठेवावी लागेल, परवडणार कसे? प्रश्न रास्त आहे. पण आज जे परवडते आहे ते तिच्या झोपेतून परवडते आहे, हे तरी कबूल करू. आणि कबूल केले की भांडण योग्य दारात जाईल. पाळीचा कागद आधी का मिळत नाही, रात्रीचे पाळणाघर का नाही, हे इस्पितळाला आणि सरकारला विचारावे लागेल. आज ते विचारावे लागत नाही, कारण घरात ती आहे.

तुम्ही असेही म्हणाल की तास मोजले की प्रेम आटते. माझ्या खात्यात वर्षाला तीस दिवस अर्जित रजा, वीस दिवस अर्धपगारी, आठ किरकोळ. खात्यावरचे कुणाचे प्रेम त्यामुळे आटलेले मी पाहिले नाही. होते तेवढेच आहे!

बहिणीने त्यानंतर महिनाभर फोन केला नाही. आजही ती मला ‘तुझे बरोबर होते’ असे म्हणालेली नाही, आणि म्हणावे अशी माझी अपेक्षाही नाही. फक्त दिवाळीच्या आधी तिने एक फोटो पाठवला. फ्रिजवरचा कागद, दोन रकाने. दुसऱ्या रकान्यात २३ ऑक्टोबरच्या, भाऊबीजेच्या, आगेमागे मिळून सहा दिवसांवर आडवी रेघ आणि तिच्या अक्षरात ‘घर’. मेहुण्यांनी रजा टाकली. भाचा रात्री दोनदा उठतो हे त्यांना त्या आठवड्यात कळले म्हणे.

तो फोटो मी मोठ्या अभिमानाने बायकोला दाखवला. तिने नीट पाहिला आणि विचारले, ‘‘आपल्याकडे येणाऱ्या बाईंनी यंदा चवथीला किती दिवस रजा घेतली, आठवतं?’’

आठवत होते. ग्वाल्हेरहून परतून मला पुरते तीन आठवडेही झाले नव्हते. २७ ऑगस्टला चवथ. आमच्याकडे पाहुणे होते. बाई सकाळी आपल्या घरचा गणपती बसवून दुपारी आमच्याकडे भांडी घासायला आल्या होत्या. मी त्यांना करंज्या दिल्या होत्या, घरच्याच म्हणून.

आता आमच्याही फ्रिजवर कागद आहे. पहिली ओळ बाईंनी सांगितली तशीच लिहिली आहे. चवथ, पाच दिवस.